तलाव रिकामा होतोय, मासे कुठे न्यायचे?

एप्रिल उजाडला की झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, मामा तलावांवर जेसीबी दिसू लागतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव 1950 नंतर मालगुजारी, म्हणजे मालगुजारांनी सारा गोळा करायची पद्धत, गेल्यावर सरकारजमा झाले. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि गाळ काढायला वेग आला. गाळ निघतो, शेतकरी ट्रॅक्टर भरून नेतो, पाळ, म्हणजे तलावाचा बांध, दुरुस्त होते. सगळं चांगलंच. पण तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडण्याआधी कुणी विचारत नाही, आतल्या माशांचं काय? विचारतात ते पाणी गुडघाभर उरल्यावर. तेव्हा मासे तोंड वर काढून हवा ओढत असतात आणि काठावर अख्खं गाव पिशव्या घेऊन उभं असतं.

ग्रामपंचायतीचे असा की मत्स्य संस्थेचे, निर्णय तुमच्याकडे असेल तर तुमच्यासमोर चार वाटा आहेत: मासळी काढून विकणे, दुसऱ्या तलावात किंवा नदीत सोडणे, शेततळ्यात सांभाळून परत आणणे, किंवा तलावातच एक डोह राखणे. ‘सगळे मासे वाचवू’ ही पाचवी वाट भाषणात बरी वाटते. मे महिन्यात ती कुणालाही जमत नाही.

आधी मासे ओळखा

कटला, रोहू, मृगळ हे कार्प जातीचे मासे तलावात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून संस्था दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडते. आज तलावातला प्रत्येक कटला मेला तरी पुढच्या ऑगस्टला तो पैसे देऊन परत मिळतो. मरळ, देशी मागूर, शिंगी, वाम आणि ते चिमुकले खवल्यांचे मासे यांचं तसं नाही. ते तलावातच वाढतात, तिथेच विणीला येतात. पावसाळ्यात मरळीची जोडी लालसर पिल्लांचा गोळा राखत काठाकाठाने फिरते, ते दृश्य झाडीपट्टीतल्या कुठल्याही ढिवराला, म्हणजे मासेमाराला, सांगावं लागत नाही. या माशांचं बीज बाजारात सहज मिळत नाही. ते गेले की त्या तलावातून गेलेच.

तिसरा गट तिलापिया आणि थाई मागूर या परक्या माशांचा. थाई मागुरावर देशात 2000 पासून बंदी आहे. जाळ्यात हे दोन सापडले तर त्यांना ‘वाचवून’ दुसरीकडे नेणं म्हणजे शेजारच्या तलावावर संकट सोडणं.

या तीन गटांसाठी एकच वाट निवडायची नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

विक्री की स्थलांतर

कार्प जातीच्या माशांसाठी मी विक्रीच्या बाजूने आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मत्स्य संस्थेने ठेक्याचे पैसे भरलेले असतात. अडचण भावाची आहे. परिसरातले दोन-तीन तलाव एकाच आठवड्यात रिकामे झाले की व्यापारी भाव पाडतो. म्हणून पाणी भरपूर असतानाच, मार्चपासून, दर तीन-चार दिवसांनी थोडी थोडी मासळी काढावी. पहाटे ओढजाळं लावा आणि उजाडताना माल गाडीत घाला. एक किलो मासळीला एक किलो बर्फ हे प्रमाण मेच्या उन्हात कमी करू नका. शेवटच्या चिखलातली मासळी अर्ध्या भावातही कुणी घेत नाही, कारण कल्ल्यांत गाळ भरलेला असतो आणि मांसाला मातीचा वास लागतो.

स्थलांतर ऐकायला सोपं वाटतं: पिंपं भरा, टेम्पोत घाला, पलीकडच्या तलावात सोडा. मीही एकदा त्यात होतो. दुपारचे बारा, पत्र्यासारखं तापलेलं ऊन, दोनशे लिटरच्या पिंपात मावतील तेवढे रोहू कोंबलेले. पोचेपर्यंत निम्मे उलटे झाले होते, आणि जे पोहत गेले तेही दोन दिवसांनी काठाला लागले. कारण साधं आहे. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला साडेसातच. कार्पला निवांत जगायला 5 तरी हवा. पाणी तापलं की मासा जास्त प्राणवायू मागतो आणि पाणी कमी देतं. त्यात घाबरलेला मासा पाण्यात घाण सोडतो, अमोनिया वाढतो.

तरीही न्यायचेच असतील तर आदल्या दिवशी ते हाप्यात, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, उपाशी ठेवा म्हणजे पोट रिकामं होतं. प्रवास पहाटे चारला सुरू करा. दोनशे लिटरच्या पिंपाला सहाशे ग्रॅम ते एक किलो जाडं मीठ घाला, माशाचा ताण कमी होतो. लहान मासे प्लास्टिकच्या पिशवीत न्या: एक तृतीयांश पाणी, वर प्राणवायू, तोंड घट्ट. पोचल्यावर पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग उघडा. हात ओले करूनच मासा धरा. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की जखमेला बुरशी लागते.

पण खरी भीती प्रवासाची नाही. मरळीला ईयूएस नावाचा रोग होतो, अंगावर लाल जखमा पडून मासा सडतो. हा रोग भारतात 1988 मध्ये आला आणि हिवाळ्याच्या तोंडाला डोकं वर काढतो. मेमध्ये धडधाकट दिसणारा मासा तो घेऊन जाऊ शकतो. पिंपाच्या तळाशी तिलापियाची चार पिल्लंही नकळत जातात. नदीत तर काहीच सोडू नका. तिथला तोटा मोजायला कुणी नसतं, एवढाच त्या वाटेचा ‘फायदा’.

शेततळं की डोह

देशी माशांसाठी खरी तुलना या दोघांची.

शेततळ्याची बाजू टोकियोने चांगली दाखवली. तिथल्या इनोकाशिरा उद्यानातला तलाव 2014 च्या सुरुवातीला उपसला. शेताच्या तळ्याचं पाणी काढून गाळ आणि मासे बाहेर घ्यायचे, ही जपानी शेतकऱ्यांची जुनी रीत, तिला काइबोरी म्हणतात. देशी मासे वेगळे सांभाळून परत सोडले आणि अमेरिकेतून आलेले ब्लूगिल व ब्लॅक बास काढून टाकले. (तळातून शेकडो सायकलीही निघाल्या. आपल्याकडे गणपतीच्या मूर्ती निघतात.) एका उपशात भागलं नाही, पुढच्या काही हिवाळ्यांत पुन्हा दोनदा उपसावा लागला. पण 2016 मध्ये सुमारे साठ वर्षं न दिसलेली एक पाणवनस्पती तळातून परत उगवली. हे वाचून हुरूप येतो. मात्र त्यांनी हे केलं कडाक्याच्या थंडीत. आपला उपसा भर उन्हाळ्यातला, प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचं पाणी दुपारी हाताला गरम लागतं. वर शेडनेट हवी. मरळ उडी मारते, मागूर ओल्या जमिनीवरून सरपटत निघतो, म्हणून कडेला जाळी हवी. मरळ आणि लहान खवल्यांचे मासे एकत्र ठेवलेत तर जूनमध्ये फक्त मरळ परत मिळेल.

डोह स्वस्त पडतो. तलावाच्या क्षेत्राचा दहावा भाग, पाणी छातीच्या वर, यंत्र तिथे शिरायचं नाही. मरळ, मागूर, शिंगी हे हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे ते कार्पपेक्षा कमी पाण्यात तग धरतात. पाण्यात बाभळीच्या काटेरी फांद्या टाका, सावली मिळते आणि रात्री चोरून जाळं टाकणाऱ्याचं जाळं फाटतं. बगळे-पाणकावळे येणारच, त्यांचा वाटा सोडून द्या.

डोहाची एक मोठी गैरसोय आहे. सगळ्यात खोल जागा बहुधा तुडूमाजवळ असते आणि दुरुस्तीही तिथेच असते. मग डोह टिकत नाही. उपाय म्हणजे मार्चमध्येच पलीकडच्या अंगाला वेगळा खड्डा खणून घेणं. आणि ‘एवढा भाग सोडायचा’ हे कामाच्या आदेशात लिहून घेणं. ठेकेदाराला घनमीटरचे पैसे मिळतात, डोह राखल्याचे मिळत नाहीत. तोंडी ठरलेला डोह जेसीबीच्या पहिल्या दिवशीच जातो, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय.

तर ठरवायचं कसं? दुरुस्ती तुडूमापासून दूर असेल आणि पाणी उरण्याची खात्री असेल तर डोह, दुसरा विचार नको. तलाव तळापर्यंत कोरडा करायचा असेल तर शेततळं, तेही फक्त विणीच्या देशी माशांसाठी, प्रत्येक जातीचे वीस-तीस. दोन्ही जमत नसेल तर त्याच ओढ्यावरच्या, आधीपासून पाण्याने जोडलेल्या तलावात न्या. तिथे रोग आणि परके मासे नव्याने जाण्याची भीती कमी. कार्प कुठल्याही परिस्थितीत विका. आणि तुडूम उघडायच्या आधी तोंडाला बांबूची ताटी लावा, नाहीतर निम्मे मासे पाटाने शेतात जातात आणि तुमचा सगळा हिशोब तिथेच संपतो.

परत सोडण्याची घाई नको. पहिल्या पावसाचं पाणी लाल, गढूळ, नुकत्याच खणलेल्या मातीचं असतं. पाच मासे हाप्यात घालून रात्रभर ठेवा. सकाळी पाचही हलत असतील तर बाकीचे आणा.