रोलँड एफपी-३०एक्स डिजिटल पियानो घेतला एकदाचा

दोन महिने नुसता गोंधळ. ज्याला विचारावं तो स्वतःकडे आहे तोच पियानो भारी म्हणणार, आणि एका दुकानातला सेल्समन तर किती आवाज, किती रिदम हेच मोजून दाखवत होता, पण की, म्हणजे पट्ट्या, दाबायला जड लागतात का विचारलं की गप्प! शेवटी पियानो शिकवणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, ८८ की आणि हॅमर अ‍ॅक्शन (म्हणजे आतल्या हातोड्यांमुळे खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या की) पाहिजेच, बाकीचं सोड, एकच सूर आधी हळू मग जोरात वाजव आणि नुसता आवाज वाढतो की सुराचा पोतही बदलतो ते ऐक. त्यांना काही विकायचं नव्हतं म्हणून पटलं. स्वतःचे हेडफोन घेऊन दुकानात गेलो, या एफपी-३०एक्ससमोर बसलो आणि उठावंसंच वाटेना. की अगदी हळू दाबली की मध्येच बारीकसा खटका लागतो, ग्रँड पियानोसारखा, आणि वरून किंचित खरखरीत, त्यामुळे घामेजलं बोट घसरत नाही. २५६ पॉलीफनी आहे, म्हणजे एका वेळी २५६ सूर वाजू शकतात, त्यामुळे पेडल दाबून धरलं तरी आधीचे सूर तुटत नाहीत. स्टँड वेगळा घ्यावा लागतो, तो मात्र हलका घेऊ नका, माझा पहिला आठवडा डुगडुगण्यातच गेला.