अगत्ती बेटावरील बिनपाटीचे घर

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर यंदा फेब्रुवारीत आम्ही पती-पत्नी पाच रात्री एका कुटुंबाच्या घरी पैसे देऊन राहिलो. हा अभिप्राय त्या निवासाविषयी आहे. घराला पाटी नाही. अंगणात नीरफणसाचे मोठे झाड आणि कडेला पावसाच्या पाण्याची सिमेंटची टाकी, एवढीच त्याची खूण. पाहुण्यांसाठी तीन खोल्या, मागे यजमानांचे राहते घर आणि दोन्हींच्या मध्ये एकच स्वयंपाकघर, अशी रचना आहे. तिन्ही वेळचे जेवण धरून दोघांचे मिळून दिवसाला साडेचार हजार रुपये पडले. खोली साधी आहे, जेवण उत्तम आहे, आणि ज्यांना बेटावरची माणसे कशी राहतात हे पाहायचे आहे त्यांनी हेच घर निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापूरकरांना हा प्रवास वाटतो तितका आडवळणाचा नाही. पुण्याहून सुटणारी कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापुरावरून जाते आणि केरळात पोहोचवते. आम्ही आलुव्याला उतरलो, कारण कोचीचा विमानतळ तिथून जवळ पडतो. पुढे लहान विमानाने सुमारे दीड तासात अगत्ती. बेट जेमतेम सात-आठ किलोमीटर लांबीचे आणि रुंदी एक किलोमीटरच्या आत. दक्षिणेकडचे निमुळते टोक धावपट्टीनेच व्यापलेले आहे, त्यामुळे विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसते. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी वस्ती फक्त १० बेटांवर आहे आणि सगळ्यांची मिळून जमीन सुमारे ३२ चौरस किलोमीटर भरते. आपल्या सोलापूर शहराची हद्द सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिथल्या माणसांना जमिनीचे आणि पाण्याचे एवढे मोल का, ते समजते.

तिथे जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. आम्ही तो सोलापुरातील एका प्रवास एजंटामार्फत काढला आणि त्याचा मनस्ताप झाला. पत्नीचे नाव आधार कार्डावर आहे तसे न लिहिता त्यांनी मधले नाव गाळले, आणि ही चूक आमच्या लक्षात आली ती निघण्याच्या चार दिवस आधी. दुरुस्तीसाठी धावपळ यजमानांनी केली. त्यांनी अगत्तीहून दोन दिवस फोनवर पाठपुरावा केला आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. शिवाय बंगाराम बेटाची फेरी आमच्या पैशांत धरलेली आहे, असे एजंटाने सांगितले होते. तसे काहीही नव्हते. म्हणून थेट यजमानांशीच बोलावे, आणि नाव, जन्मतारीख व तारखा स्वतः दोनदा तपासाव्यात.

आता पाण्याविषयी, कारण या मुक्कामात मला सर्वांत जास्त शिकवले ते पाण्याने. खोलीची किल्ली हातात देण्याआधी यजमानांनी आम्हाला अंगणातल्या विहिरीपाशी नेले. विहीर कसली, कमरेइतक्या कठड्याचा आड. वाकून पाहिले तर पाणी दीड-दोन पुरुषांवर दिसते. बेट पोवळ्याच्या वाळूचे आहे. पावसाचे पाणी त्या वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. थोडे थोडे उपसले तर गोडे पाणी मिळत राहते. मोटार लावून एकदम उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते आणि मग ती विहीर कितीतरी दिवस खराब होते. म्हणून या घरात विहिरीवरची मोटार दिवसातून दोनदा, थोडाच वेळ चालते. आंघोळीला माणशी एक बादली, कपडे एक दिवसाआड, आणि मचूळ लागले तर लगेच सांगायचे, हे तीन नियम त्यांनी अत्यंत नम्रपणे, पण ठामपणे सांगितले.

आमच्या पेठेत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते. पिंपे, हंडे, बादल्या भरून ठेवण्यात आमचे आयुष्य गेले आहे, त्यामुळे या नियमांचे आम्हाला ओझे वाटले नाही. पत्नीने पहिल्याच दिवशी कपडे धुतलेले पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतले, तेव्हा यजमानांच्या आई हसून काहीतरी म्हणाल्या. मुलाने हिंदीत अर्थ सांगितला: "आई म्हणते, या घरच्याच आहेत." शेजारच्या खोलीतील मोठ्या शहरातून आलेल्या कुटुंबाला मात्र शॉवर नसल्याचा फार राग आला होता. तो अपेक्षाभंग टाळण्यासाठी यजमानांनी पाण्याचे नियम खोली ठरवतानाच कळवावेत, अशी सूचना मी त्यांना केली आहे.

पिण्याचे पाणी वेगळे. ते समुद्रापासून गोडे केलेले असते. लक्षद्वीपच्याच कवरत्ती बेटावर २००५ मध्ये आणि पुढे २०११ मध्ये अगत्ती व मिनिकॉय या बेटांवर असे प्रकल्प झाले. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी कोमट असते आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरचे थंडगार. कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि खालून आणलेल्या थंड पाण्याने ती निववून पुन्हा पाणी करायचे, अशी ती पद्धत आहे. अगत्तीच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. चवीला हे पाणी अगदी फिके लागते. दोन दिवसांत सवय होते.

जेवणाविषयी सोलापूरकरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कारण आपल्याकडे शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. माझी पत्नी शाकाहारी आहे, मी नाही. बेटावर नारळ सोडून फारसे काही पिकत नाही आणि भाजीपाला केरळहून जहाजाने येतो, त्यामुळे जहाज आले नाही तर टोमॅटोसुद्धा मिळत नाही. तरीही तिची आबाळ झाली नाही. नारळाच्या दुधातली नीरफणसाची रस्साभाजी, शेवग्याच्या पाल्याची खोबरे घातलेली भाजी, कच्च्या पपईची भाजी, आणि सकाळी केळ्याबरोबर पुट्टू, म्हणजे तांदळाचे पीठ आणि खोबरे वाफवून केलेला पदार्थ. माझ्यासाठी रोज ट्यूना, कधी तिखट कालवणात, कधी नुसता तळून. एका सकाळी किलांजी केली होती: तांदूळ आणि अंड्यांचे, रुमालासारखे पातळ धिरडे, सोबत नारळाच्या दुधात गूळ आणि केळे घालून केलेले गोड. असा पदार्थ मी आयुष्यात प्रथमच खाल्ला.

तिसऱ्या दिवशी पत्नीने सोबत नेलेले ज्वारीचे पीठ आणि शेंगाचटणी काढली आणि स्वयंपाकघरात भाकरी करण्याची परवानगी मागितली. परात नव्हती, ॲल्युमिनियमच्या पसरट भांड्यात तिने पीठ मळले, तिथल्याच सपाट तव्यावर भाकरी टाकली, आणि ती टम्म फुगली तेव्हा दारात उभ्या असलेल्या चार मुली ओरडल्याच. यजमानांच्या आई शेजारी जमिनीवर बसून नारळ खोवत होत्या. त्यांची खोवणी आमच्या आजीच्या खोवणीसारखीच होती, फक्त पाट अधिक बुटका आणि पात्याचे दाते अधिक बारीक. करवंटी हातात फिरते आहे, पण नजर भाकरीवर, आणि तरी खोबऱ्याला काळी पाठ लागत नाही. त्या हातांचा सराव पाहण्यासारखा होता. मग भाकरी, शेंगाचटणी आणि ओले खोबरे असे ताट झाले. त्यांना चटणी तिखट लागली नाही, लसूण मात्र फार आवडला. निघताना उरलेली चटणी आणि आम्ही नेलेली सोलापुरी चादर त्यांना दिली, तेव्हा त्यांनी नारळाच्या गुळात केलेल्या खोबऱ्याच्या लाडवांचे पुडके दिले.

बेटावर पाहायचे ते लगूनमध्ये आणि धक्क्यावर. पश्चिमेकडे पोवळ्याच्या कड्याने अडवलेले उथळ, शांत पाणी आहे आणि त्यात हिरवी समुद्री कासवे चरताना काठावरूनही दिसतात. मासेमारी गळाने होते. लगूनमध्ये जाळे टाकून बारीक मासळी जिवंत पकडतात, ती होडीतल्या पाण्यात सांभाळून बाहेर खोल समुद्रात नेतात, आणि ट्यूनाचा थवा दिसला की ती मासळी फेकत, पाण्याचे फवारे उडवत, आखूड काठीच्या गळाने एकेक मासा खेचून आत टाकतात. यजमानांच्या धाकट्या भावाने हे सगळे धक्क्यावर काठी हातात घेऊन करून दाखवले; गळाला काटा उलटा नसतो, म्हणून मासा होडीत पडताच आपोआप सुटतो. उरलेला ट्यूना उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात. वाळवणीच्या जागी वास उग्र असतो, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे.

काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी पाहिली. रंगीत मासे पुष्कळ आहेत, पण पोवळ्यांचे मोठे पट्टे राखाडी पडलेले आहेत आणि नावाड्याने ते लपवले नाहीत. समुद्र नको तितका तापला तेव्हा, म्हणजे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये, लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडून मोठ्या प्रमाणात मेली. ज्या कड्यामुळे लाटा अडतात आणि बेट टिकते, तो कडाच मरत असताना पाहणे मला जड गेले. पोवळ्याचा तुकडा उचलून आणणे गुन्हा आहे; किनाऱ्यावर पडलेलासुद्धा उचलू नये.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आमच्या खोलीची मच्छरदाणी दोन ठिकाणी फाटलेली होती आणि सांगूनही ती तिसऱ्या दिवशी बदलली. वीज रात्री दोनदा गेली. बेटावर वीज मुख्यतः डिझेलवर होते, पण पाहुण्यांच्या खोलीत एक चार्जिंगचा पंखा ठेवणे अवघड नाही. होडीचे भाडे आधी न सांगता परतल्यावर सांगितले. रक्कम वाजवी होती, पद्धत चुकीची होती.

गाव मुस्लिम आहे आणि रीतीरिवाजांना धरून राहणारे आहे. दारू मिळत नाही आणि सोबत नेताही येत नाही. शुक्रवारी दुपारी दुकाने बंद असतात. गावातून जाताना अंगभर कपडे असावेत, आणि बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. आमच्या यजमानांच्या घरात घर आईच्या नावावर आहे आणि पुढे ते मुलीकडे जाईल. आईकडून वारसा येण्याची ही रीत बेटावर जुनी आहे. संध्याकाळी आठनंतर रस्त्यावर सायकलींशिवाय काही नसते. पाच दिवसांत एकही कुत्रे दिसले नाही. ज्यांना दुकाने, बाजार, करमणूक हवी असेल त्यांचा दुसऱ्याच दिवशी जीव उबगेल.

शेवटच्या सकाळी यजमानांनी एक विनंती केली. बेटावर कचरा टाकायला जागा नाही, तेव्हा आम्ही आणलेले प्लास्टिक शक्य असल्यास परत न्यावे. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांची वेष्टने, शांपूच्या पुड्या, सगळे एका पिशवीत भरले. लहान विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा असते, त्यामुळे विमानतळावर एक जाड टॉवेल काढून यजमानांच्या भावाकडे दिला तेव्हा पिशवी बसली. ती आम्ही सोलापूरपर्यंत आणली आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत टाकली.