दोन नळ्यांचं धुराडं

आमचं न्यू जर्सीतलं घर १९२८ सालचं. छपरावर विटांचं उंच धुराडं आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बैठकीच्या खोलीत, शेकोटीच्या वरच्या छताला चहाच्या रंगाचा डाग पडला. बाहेरून विटांवर मिठासारखी पांढरी भुकटी दिसत होती. कुणाला दाखवावं, हे शोधतच होते, तेवढ्यात एक माणूस दारात आला.

पलीकडच्या रस्त्यावर काम चाललंय, तिथून तुमचं धुराडं दिसलं, म्हणाला. शिडी लावून वर गेला आणि दहा मिनिटांत फोनवर फोटो घेऊन उतरला. माथ्यावरचं सिमेंट फुटलेलं, विटा निखळलेल्या. "पुढच्या वादळात छपरावर कोसळेल." हे ऑफिसात होते. सासूबाई भारतातून आलेल्या, त्या घाबरून गेल्या. मीही घाबरले. आजच केलं तर २,८०० डॉलर, उद्यापासून माणसं दुसऱ्या गावी जाणार. ह्यांना पाठवायला म्हणून फोटो मागून घेतले, तेवढंच शहाणपण सुचलं. लेखी करार नाही, नुसतं फोन नंबरचं कार्ड. संध्याकाळपर्यंत विटांच्या दरजांवर सिमेंट थापून झालं, वरून चकचकीत लेप मारला आणि मी चेक दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो वटला.

उन्हाळाभर सगळं छान दिसलं. जानेवारीच्या थंडीनंतर मात्र विटांचे पोपडे अंगणात पडू लागले आणि छतावरचा डाग पूर्वीपेक्षा मोठा झाला. कार्डावरचा नंबर बंद होता.

मग ओळखीतून एक जुना गवंडी मिळाला. त्याने आधी पाहणी केली, पैशाचं नाव नंतर. मला आत डागाखाली उभं केलं आणि स्वतः छपरावरून पाइपने पाणी सोडलं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. पाणी छप्पर आणि धुराड्याच्या सांध्यावर आलं आणि थोड्याच वेळात आत थेंब दिसला. त्या सांध्यावर पत्र्याची पट्टी असते, तिला इथे फ्लॅशिंग म्हणतात. तीच विटांपासून सुटली होती. गळतीचं मूळ एवढंच होतं, आणि आधीच्या माणसाने तिला हातही लावला नव्हता.

पांढऱ्या भुकटीचा अर्थही त्याने सांगितला. विटेत मुरलेलं पाणी बाहेर पडून सुकताना आतले क्षार पृष्ठभागावर सोडतं. म्हणजे ओल आहे हे नक्की, पण तेवढ्यावरून धुराडं पडायला आलंय असं होत नाही. आमचं खरं नुकसान त्या लेपाने केलं. पाणी सांध्यातून आत येतच राहिलं आणि लेपामुळे विटेला सुकायला वाट उरली नाही. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. कोंडलेल्या पाण्याने विटांचे चेहरेच उडवले. भरीला कडक सिमेंट. आमच्या जुन्या विटा मऊ आहेत, त्यांना चुन्याचा मऊ मसाला लागतो. दरज विटेपेक्षा कडक झाली की ताण विटेवर येतो.

फ्लॅशिंग नवीन बसवली, सिमेंट खरवडून चुन्याच्या मसाल्याने दरजा भरल्या, बावीस विटा बदलल्या. ६,१०० डॉलर गेले. वेळेवर नुसती फ्लॅशिंग केली असती, तर याच्या पाव खर्चातही भागलं असतं. पाणी अडवणारा पण वाफ बाहेर जाऊ देणारा लेप असतो, तो विटा पूर्ण सुकल्यावरच मारायचा, असं त्याने बजावलं.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत असती, तर! न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याला राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी करावी लागते आणि ५०० डॉलरच्या वरच्या कामाचा करार लेखी लागतो. तो करार तीन कामकाजी दिवसांत रद्दही करता येतो. दारात आलेल्या माणसाकडे नोंदणी क्रमांक मागा. फोटो नको, व्हिडिओ मागा, तोही असा की आधी तुमचं अंगण दिसेल आणि मग कॅमेरा न थांबवता धुराडं.

कारण गवंड्याला मी ते जुने फोटो दाखवले, तेव्हा त्याने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "हे तुमचं नाहीच." फोटोतल्या धुराड्यातून मातीच्या दोन नळ्या वर आल्या होत्या. आमच्यात एकच आहे.

ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे, सोबत तो फोटो जोडला आहे. ते धुराडं ज्यांच्या घराचं असेल, त्यांच्याही दारात तो उभा राहिला असणार.