केमोच्या सहा सायकल आणि इसबगोल: साधा भुसा घ्या, चवीची पूड नको

स्तनाच्या कॅन्सरसाठी माझ्या सहा केमो झाल्या, दर 21 दिवसांनी एक. केस जातील, मळमळेल, तोंड येईल, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. शौचाला बसून रडायची वेळ येईल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे, त्यांनी वाचताना संकोच करू नये.

या काळात मी इसबगोल तीन प्रकारांत घेऊन पाहिला: साधा भुसा, संत्र्याच्या चवीची बारीक पूड आणि कॅप्सूल. माझं मत आधीच सांगते. साधा भुसा चांगला, पण तो केव्हा घ्यायचा आणि केव्हा हातही लावायचा नाही, हे कळलं तरच.

पहिल्या सायकलमध्ये मला ते कळलं नव्हतं. केमोनंतर तिसऱ्या दिवशी पोट साफ होईना. इसबगोल बद्धकोष्ठावर चालतो एवढंच माहीत होतं. दोन चमचे शिगोशीग भरून अर्ध्या कपात कालवले, कारण मळमळीमुळे त्याहून जास्त पाणी जातच नव्हतं. पुढचे दोन दिवस पोट दगडासारखं झालं. शेवटी जे झालं त्यात चीर पडली आणि रक्त दिसलं. पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना तिथली बारीक जखमसुद्धा जंतुसंसर्गाला वाट करून देते, हे डॉक्टरांनी त्या दिवशी फार गंभीरपणे समजावलं. अशा वेळी एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची गोळीही मनाने वापरायची नाही, हेही तेव्हाच कळलं.

असं का झालं, ते आहारतज्ज्ञ बाईंनी उलगडून सांगितलं. उलटी थांबवायला देतात ती ऑनडान्सेट्रॉनची गोळी सेरोटोनिन या रसायनाचा निरोप अडवते. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन डोक्यात नाही, आतड्यात असतं. त्यामुळे उलटी थांबते, पण आतड्याची हालचालही मंदावते. बाई म्हणाल्या, "भुशाला पाणी लागतं आणि आतड्याची चाल लागते. दोन्ही नसेल तर तो आत नुसता फुगून बसतो." मग ठरलं: केमोनंतरचे पहिले चार दिवस भुसा बंद, डॉक्टरांनी लिहून दिलेलं, शौच मऊ करणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं औषध चालू. मळमळ ओसरून घोट घोट पाणी जायला लागलं की पाचव्या दिवसापासून चहाचा एक सपाट चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात, आणि त्यावर आणखी एक ग्लास पाणी. बाकीच्या गोळ्या आणि भुसा यांत दोन तासांचं अंतर, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

ग्लास माझा मुलगा तयार करायचा. भुसा आधी पाण्यावर तरंगतो, ढवळला की गरगरत खाली उतरतो, आणि मिनिटभरात पाणी जड व्हायला लागतं. थोडा वेळ तसंच ठेवलं तर खळीसारखं होतं आणि मग घशाखाली उतरत नाही. तो दारातूनच म्हणायचा, "आई, घे पटकन, घट्ट व्हायला लागलंय." मी एका दमात प्यायचे. केमोत तोंडाला सतत धातूची चव असते, कशाचाही वास सहन होत नाही. साध्या भुशाला ना वास, ना चव. त्या दिवसांत हा गुण मला फार मोलाचा वाटला.

संत्र्याची पूड घेतली ती हेच पिणं सोपं जाईल म्हणून. पहिल्याच घोटाला डोळ्यांत पाणी आलं. चवीसाठी त्यात सायट्रिक ॲसिड असतं आणि माझ्या जिभेच्या कडेला दोन छाले होते. वर गोडी इतकी की मळमळ पुन्हा सुरू झाली. एक पुडी घेतली, बाकीचा डबा बाजूला ठेवला. तोंड आलेल्या माणसाला ही पूड कुणी देऊ नये. माझी खरी तक्रार वेगळीच आहे. डब्यावर 'पोट डिटॉक्स करा' हे ठळक अक्षरांत, आणि 'भरपूर पाण्यासोबतच घ्या, नाहीतर घशात अडकू शकतं' हे मागे तळाशी, भिंगाने वाचावं इतकं बारीक. आजारी माणसाच्या कामाची ओळ नेमकी तीच होती.

कॅप्सूलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एकीत जेमतेम अर्धा ग्रॅम भुसा. चमचाभर पोटात जायला सात-आठ गिळाव्या लागतात, आणि घसा सोललेला असताना ते जमत नाही.

चौथ्या सायकलपासून औषध बदललं आणि त्रासही पालटला. सातव्या दिवसाच्या सुमारास जुलाब. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या होत असतात. केमो भरभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते, म्हणून हे अस्तरही सोलवटतं. बद्धकोष्ठावर घ्यायचा तोच भुसा जुलाबातही कामी येतो हे मला आधी पटेना. पण तो विरघळणारा फायबर आहे, जादा पाणी स्वतःत धरून ठेवतो, आणि पातळ होणारं थोडं बांधून येतं. दिवसाला दोन-तीनदा जावं लागे तेव्हा मला त्याचा स्पष्ट फरक जाणवला. त्यापुढे मात्र तो पुरेसा नाही. रोजच्यापेक्षा चार किंवा जास्त वेळा जावं लागलं, रक्त दिसलं, किंवा ताप 38 अंश सेल्सियसला पोहोचला, तर चमचा खाली ठेवून लगेच फोन करायचा. मी चौथ्या सायकलमध्ये तो केला आणि सलाईन लावावं लागलं. उशीर केला नाही याचं आज समाधान आहे.

जुलाबाच्या दिवसांत कोंडा, कच्च्या भाज्या, सालं आणि बिया बंद. ओट्स, केळं, साल काढून शिजवलेलं सफरचंद, मऊ गाजर, एवढंच खायचे. आणि एक गोष्ट भुशाच्या डब्यावर कुणी लिहीत नाही: इसबगोल आतड्यातल्या जिवाणूंना फारसा खाता येत नाही. ओट्स, डाळी, भाज्या यांतल्या बऱ्याच फायबरचं ते ब्युटिरेट नावाचं द्रव्य बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन तेच. म्हणजे भुसा शौच सुधारतो, जेवणाची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये मोठ्या माणसांसाठी रोज अन्नातून किमान 25 ग्रॅम फायबर सांगितलं आहे. केमोच्या आठवड्यांत मी त्याच्या निम्म्यावरही कशीबशी जायचे. बाई म्हणाल्या, आत्ता तो आकडा मनावर घेऊ नका, नंतर हळूहळू वाढवू.

माझ्या जावेने प्रेमाने प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आणल्या होत्या. पांढऱ्या पेशी कमी असताना जिवंत जिवाणू पोटात घालायला डॉक्टरांनी नकार दिला. फायबरमुळे कॅन्सरचं औषध चांगलं लागू पडतं असं सांगणारा एक निरोपही मला तीन जणांनी पाठवला. त्यामागचं संशोधन 2021 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलं होतं. ते मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार) घेणाऱ्या रुग्णांवरचं होतं, केमोवरचं नव्हे. त्यातही प्रोबायोटिक न घेता भरपूर फायबर खाणारेच सर्वांत बरे राहिले होते. निरोपात एवढं कुणी लिहिलं नव्हतं.

आतड्यात अडथळा किंवा अरुंदपणा असेल, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, गिळायला त्रास असेल, तर भुसा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. माझ्या शेवटच्या दोन सायकलमध्ये पुन्हा चीर पडली नाही, आणि सकाळी संडासच्या दाराशी घाबरून उभं राहणं थांबलं.

डबा घेताना आत मापाचा चमचा आहे का ते बघा. माझ्या डब्यात नव्हता, आणि पहिल्या वेळी मी घेतला तो वाढायचा चमचा होता.