बंद गाडीचे ‘फुल इंजिन काम’: बेळगाव परिसरातील एका फसवणुकीचा अनुभव

वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी असलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. इंजिनाच्या संपूर्ण दुरुस्तीचे पैसे आमच्याकडून घेतले गेले. प्रत्यक्षात ते इंजिन उघडलेही गेले नव्हते. आमच्या घरापुरते हे प्रकरण संपल्यासारखे असले तरी ही पद्धत इतकी सोपी आणि वरवर पाहता इतकी बिनबोभाट आहे की, ती आणखी कितीतरी जणांवर वापरली जात असणार, याबद्दल मला शंका नाही.

गाडी 1997 सालची मारुती 800, माझ्या थोरल्या काकांची. काका आजारी पडल्यापासून ती खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या घरी, पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. खानापूरच्या पश्चिम भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको की तिथे पावसाळाभर भिंतींची ओल हटत नाही, मग उघड्या शेडमधल्या लोखंडाची काय अवस्था होत असेल. काका गेल्यानंतर गाडी भंगारात देऊ नये, घरातल्याच कोणीतरी वापरावी, अशी काकूंची इच्छा होती, आणि म्हणून ती ओढून बेळगावजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला नात्यातल्या एकांच्या ओळखीचा, अस्खलित मराठी बोलणारा, काकूंना ‘मावशी’ म्हणणारा. सीमाभागात आपल्या भाषेत आपुलकीने बोलणाऱ्या कारागिरावर माणूस चटकन विश्वास टाकतो, आणि त्या विश्वासाचा असा वापर व्हावा, याचे मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते.

त्याने क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीला पाना लावून जोर दिला. इंजिन हलले नाही. “इंजिन गेलंय बघा सर. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं बदलायला लागतंय, रिबोअर केल्याशिवाय काय उपयोग न्हाई,” असे सांगून त्याने 42,000 रुपयांचा अंदाज दिला. रिबोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणे आणि त्या मापाचे नवे पिस्टन बसवणे. निम्मी रक्कम आगाऊ घेतली. काही दिवसांनी मोबाईलवर गंजलेल्या पिस्टनचा फोटो आला, खाली ‘तुमचे जुने पिस्टन’ असे लिहिलेले. पुढे गाडी सुरू होऊन दारात आली, काकूंनी तिची पूजा केली, आणि उरलेली रक्कम देऊन झाली. पक्के बिल मागितल्यावर ‘पाठवतो’ म्हणाला. हातात आला तो साध्या कागदावर लिहिलेला हिशेब.

वास्तविक पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन फिरत नाही म्हणजे ते निकामी झाले, असे मुळीच नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खाली उतरते, ओलीने तिथे गंजाचा पातळ थर धरतो आणि पिस्टनच्या रिंगा त्यात धरून बसतात. यावरचा पहिला उपाय जुन्या जाणत्या मेकॅनिकांना चांगला ठाऊक असतो. प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण थोडेथोडे सोडायचे, काही दिवस मुरू द्यायचे, आणि मग पुलीच्या बोल्टला पाना लावून ते हळूहळू मागेपुढे हलवत सोडवायचे. स्टार्टरने धसका द्यायचा नाही, कारण अडकलेली रिंग त्याने तुटू शकते. इंजिन मोकळे झाल्यावरही प्लग लगेच बसवायचे नाहीत. आत साठलेला द्रव दाबला जात नाही, त्यामुळे तो बाहेर फेकला जाण्याआधीच प्लग बसवून इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती असते. जुने ऑइल आणि फिल्टर बदलणे, टाकीतले चिकट झालेले पेट्रोल काढून टाकणे, कार्ब्युरेटरचे जेट साफ करणे, टायमिंग बेल्ट बदलणे, चाकांचे अडकलेले ब्रेक सोडवणे, एवढे झाले की पुष्कळदा इंजिन सुरू होते. हे सारे काम 42,000 रुपयांचे नव्हे. त्याच्या एका लहान हिश्श्यात ते होते.

फसवणुकीचे मर्म इथेच आहे. त्या माणसाने हाच घरगुती उपाय केला, आणि गाडी सुरू झाली हाच आपल्या मोठ्या कामाचा पुरावा म्हणून पुढे ठेवला. वर त्याने नेहमीपेक्षा बरेच जाड ऑइल भरले होते, त्यामुळे सुरुवातीला धूरही दिसला नाही.

पावसाळा संपता संपता गाडी निळसर धूर सोडू लागली आणि डिपस्टिकवरची ऑइलची पातळी भराभर उतरू लागली. नुकतेच रिबोअर झालेले इंजिन इतके ऑइल खाणार नाही, म्हणून गाडी उद्यमबागेत नेली. बेळगावचा हा भाग फौंड्री आणि मशीनशॉपसाठी प्रसिद्ध आहे, आणि इंजिनाचे ब्लॉक ज्यांच्या हातांखालून रोज जातात, अशी माणसे तिथे आहेत. त्यांपैकी एका वयस्कर कारागिराने हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवले आणि काही न बोलता माझे बोट धरून सिलिंडरच्या वरच्या कडेवर फिरवले. नख अडकले. वर्षानुवर्षे रिंग जिथपर्यंत वर येते त्याच्या खाली भिंत झिजते आणि वरचा भाग तसाच राहतो, त्यामुळे ही कड तयार होते. बोअर मारला असता तर ती उरलीच नसती. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा जाड, कडक थर होता. टायमिंग बेल्ट बदलल्याचे हिशेबात लिहिले होते, पण समोरच्या बेल्टला वाकवले की बारीक चिरा उघडत होत्या.

मग त्यांनी डायल गेजने मापे घेतली. मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68.5 मिलिमीटरचा असतो. हिशेबात अर्ध्या मिलिमीटरचा रिबोअर लिहिला होता, म्हणजे माप 69 च्या घरात यायला हवे होते. तिन्ही सिलिंडर मूळ मापाचे, फक्त थोडे झिजलेले निघाले. फोटोतले पिस्टन त्यांनी मोबाईलवर मोठे करून पाहिले. एकाच्या डोक्यावर ‘50’ हा ओव्हरसाईझचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठ्या केलेल्या सिलिंडरसाठीच्या पिस्टनचा, आकडा स्पष्ट ठोकलेला होता. आमचे इंजिन त्याआधी कधीच उघडले गेले नव्हते, तेव्हा त्यातून असा पिस्टन निघणे शक्यच नव्हते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, उभी गाडी गॅरेजला देण्याआधी इंजिन नंबर आणि चासी नंबर यांचे स्वच्छ फोटो काढून आरसीशी ताडून ठेवावेत. इंजिनच बदलले गेले तर त्रास मालकाला होतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे पूर्वमंजुरीशिवाय इंजिन बदलल्यास 14 दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीच्या तपासणीत नंबर जुळला नाही की गाडी अडते. इंजिन मोकळे झाल्यावर, उघडण्याच्या आधी, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, गेजवर पाहून आकडे लिहून घ्यावेत. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा पाहावे. तो वाढला तर दोष बहुधा रिंगांकडे, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे असतो. बोअर मारायचाच झाला तर मशीनशॉपचे वेगळे बिल मागावे, नवे पिस्टन बसवण्याआधी त्यांवरचे आकडे डोळ्यांनी पाहावेत, आणि काढलेले जुने भाग फोटोत नव्हे, प्रत्यक्ष ताब्यात घ्यावेत. प्रामाणिक मेकॅनिक यांतल्या कशालाही नकार देत नाही, हे मी आता खात्रीने सांगतो, कारण उद्यमबागेतल्या त्या कारागिराने न मागता सारे दाखवले.

त्यांनी मापे लिहून, सही करून दिली. तो कागद, मोबाईलवरून भरलेल्या पैशांच्या नोंदी आणि पिस्टनचा फोटो जोडून वकिलामार्फत नोटीस पाठवली. गॅरेजवाला आधी चिडला, मग नात्यातल्या माणसाला मध्ये घालून 25,000 रुपये परत केले. उरलेल्या रकमेसाठी ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करता येते, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आधी माहितीही विचारता येते.

दरम्यान निपाणीकडच्या एका गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांच्या बंद गाडीच्या कामात त्यांनाही हाच पिस्टनचा फोटो आला होता, आणि त्यांनी तो आमच्या तक्रारीसाठी दिला. फोटोत निळ्या, तेलकट ट्रेमध्ये पिस्टन ठेवलेले आहेत आणि ट्रेचा एक कान तुटलेला आहे. असा फोटो आणखी कोणाला आला असेल तर त्यांनी तो पुसून टाकू नये, आणि पैसे दिल्याच्या नोंदींसह जपून ठेवावा.