एकहाती स्टील की कारखान्यातलं टायटॅनियम? दोन कस्टम फ्रेमा सरफेस प्लेटवर

आमच्या बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकल राइडच्या, ग्रुपमधला एक गडी गेले सहा महिने एकच प्रश्न घेऊन फिरतोय. उंची सहा फूट तीन इंच. दुकानातली सगळ्यात मोठी फ्रेम घेतली तरी सीटपोस्ट (खोगिराचा दांडा) शेवटच्या खुणेपर्यंत वर आणि स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) स्पेसरच्या कड्यांची चळत. पैसे साठवलेत, कस्टम, म्हणजे आपल्या मापाने बनवून घ्यायची, हे ठरलंय. अडलंय एवढ्यावरच: एकट्याने काम करणाऱ्या देशी कारागिराकडून स्टीलची करून घ्यायची, की चीनच्या कारखान्यातून टायटॅनियमची मागवायची? माझ्या घरात दोन्ही आहेत. शिवाय भोसरीत टूलरूममध्ये (डाय आणि हत्यारं बनवायच्या विभागात) बावीस वर्षं काढल्यामुळे दोन्ही फ्रेमा सुट्या असतानाच सरफेस प्लेटवर (मोजमापासाठी अचूक सपाट केलेल्या ओट्यावर) चढल्या. दर राइडला टपरीवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

तुमची उंची चारचौघांसारखी असेल आणि तयार फ्रेम 90 ते 110 मिलिमीटरच्या स्टेमवर नीट बसत असेल, तर हे सगळं तुमच्यासाठी नाही. तयार घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली चाकं बांधून घ्या.

चाकाचा आउट, फ्रेमचा दोष

मला हे वेड लागलं ते आधीच्या, दुकानातून घेतलेल्या सायकलमुळे. मागचं चाक डावीकडे चिकटून बसायचं. टायर आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) यांच्यामध्ये उजवीकडून करंगळी जायची, डावीकडून पेन्सिलही नाही. दुकानदाराने तीनदा चाकाचा आउट (वाकडेपणा) काढला आणि तिन्ही वेळा पैसे घेतले. चौथ्यांदा मी घरीच चाक काढलं आणि उलटं लावलं, कॅसेट (मागची दातेरी चक्रं) डावीकडे येईल असं. खोट चाकात असती तर टायर आता उजवीकडे सरकला असता. तो डावीकडेच राहिला, म्हणजे वाकडी फ्रेम होती. ही दोन मिनिटांची तपासणी क्विक रिलीजच्या (खटका सैल करून निघणाऱ्या) साध्या चाकाला जमते. डिस्क आणि थ्रू-अ‍ॅक्सल (फ्रेमच्या भोकातून आरपार जाणारा आस) असेल तर चाक उलटं बसत नाही, तिथे आधी चाकाचा मध्य गेजने पक्का करून घ्यावा लागतो.

एवढ्याशा चुकीने इतका फरक कसा पडतो? दोन ड्रॉपआउटमधलं (चाकाचा आस बसतो त्या खाचांमधलं) अंतर 130 मिलिमीटर, आणि चाकाच्या मध्यापासून रिमपर्यंत साधारण 311. एक ड्रॉपआउट दुसऱ्यापेक्षा फक्त 1 मिलिमीटर वर बसला, तर रिम जवळजवळ 2.4 मिलिमीटर बाजूला झुकते. म्हणून कस्टम फ्रेममध्ये पहिला प्रश्न ड्रॉपआउटचा. दुसरा, हेड ट्यूब (पुढची, हँडलची नळी) आणि सीट ट्यूब (खोगिराखालची नळी) एकाच पातळीत आहेत की एकमेकींना पीळ आहे. हेड ट्यूबचा कोन 72.5 सांगितला आणि 72.3 आला, तर तुम्हाला तर सोडाच, मलाही चालवताना कळणार नाही. टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) 2 मिलिमीटर लांब झाली तर खोगीर पुढे सरकवा.

टूलरूमच्या सवयीने मी कारागिराकडे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात टॉलरन्स मागितला होता. तो फोनवर हसला. म्हणाला, “अहो, सायकल आहे ही, डाय नाही. टायरमध्ये हवा कमी-जास्त झाली तरी याच्या दसपट फरक पडतो.” त्याचं बरोबर होतं. अर्धा मिलिमीटर उत्तम, एक चालेल, दोन असेल तर परत पाठवा, असं माझं सरळ गणित झालंय.

वाकडेपणा येतो उष्णतेतून

दोन्ही बाजूचे लोक आपल्या जिगचे (जोडताना फ्रेम आवळून धरणाऱ्या सांगाड्याचे) फोटो दाखवतात. फोटो छान असतात. पण वेल्डिंग करताना ज्याच्या हातात टॉर्च असतो त्याला ठाऊक असतं, की वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो आणि नळी ज्या बाजूला आधी रन (वेल्डची ओळ) सोडली तिकडे ओढली जाते. जिगमध्ये आवळलेली असताना फ्रेम सरळच दिसणार. क्लॅम्प सोडले की ती आपल्या मनासारखी उसळते. म्हणून “जिगवर सरळ होती” या वाक्याला मी काही किंमत देत नाही. जिगवरून उतरवल्यावर काय मोजलं आणि कशावर मोजलं, ते सांगा.

एकहाती कारागीर इथे नळीच्या तोंडापासून सावध असतो. एका नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर बसेल असं कापायचं, आणि उजेडाकडे धरलं तर फट दिसता कामा नये. फट राहिली की तिथे जास्त धातू भरावा लागतो, जास्त धातू म्हणजे जास्त आक्रसणं. मग टॅक (जागा धरून ठेवणारे छोटे टाके) मारायचे ते समोरासमोर, रन सोडायची ती पाव-पाव भागात, आलटून पालटून. माझी स्टीलची फ्रेम पितळाने ब्रेझ केलेली, म्हणजे वितळलेल्या पितळाने सांधलेली, आहे. यात नळी वितळतच नाही. पितळ साधारण 900 अंशांना वाहतं, चांदीचा रॉड असेल तर 650 ते 700 अंशांतच काम होतं. स्टील वितळायला 1500 च्या आसपास लागतात. आपल्या जुन्या काळ्या सायकली अशाच लग (सांध्यावरच्या धातूच्या खोळी) आणि पितळाने जोडलेल्या असायच्या. पण ब्रेझिंगला तापमान कमी असलं तरी उष्णता जास्त वेळ आणि जास्त जागेत पसरते. त्यामुळे ब्रेझिंग म्हणजे आपोआप सरळ, असं नाही. माझ्या कारागिराने मागच्या त्रिकोणाआधी पुढचा त्रिकोण प्लेटवर दोनदा तपासला, एकदा दाबून सरळ केला आणि तसं मोकळेपणाने सांगितलंही. ते ऐकून माझा विश्वास वाढला.

नळी कोणती यावर जोडणी ठरते, उलट नाही. नळ्या बनवणाऱ्या रेनॉल्ड्सची 1935 ची 531 ही नळी ब्रेझिंगसाठी होती, टिग वेल्डिंगच्या (विजेच्या ठिणगीने नळीच वितळवून जोडण्याच्या) उष्णतेत ती कमजोर पडायची. त्याच कंपनीची 1995 ची 853 वेल्ड झाल्यावर हवेत थंड होताना सांध्याजवळ उलट कणखर होते. कारागीर टिग करणार असेल तर नळीचं नाव विचारून घ्या. “चांगली क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टील) आहे” एवढ्यावर गप्प बसू नका.

टायटॅनियमचं दुखणं वेगळं. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषतं आणि ठिसूळ होतं. म्हणून बाहेरून तर आर्गॉन वायू लागतोच, नळीच्या आतही आर्गॉन भरून ठेवावा लागतो. रन चंदेरी किंवा हलक्या पिवळसर रंगाची असेल तर काम नीट झालंय. निळी, राखाडी किंवा पांढरट भुकटी धरलेली असेल तर नाही. फसगत होते ती अशी, की बाहेरची रन ब्रशने घासून चकचकीत करता येते. आतली येत नाही. सीट ट्यूबमध्ये बारीक टॉर्च सोडून बॉटम ब्रॅकेटजवळचा (पेडलचा आस बसतो तिथला) सांधा आतून बघा. माझ्या फ्रेमला आत सोनेरी छटा होती, जीव भांड्यात पडला. बाहेरची वीण तर इतकी एकसारखी की वेणी घातल्यासारखी. कारखान्यात रोज हेच काम करणारा वेल्डर असतो, एकट्या कारागिराला त्या सरावाची बरोबरी करणं अवघड आहे. चीनच्या शाआन्शी प्रांतातलं बाओजी हे शहर टायटॅनियमवरच उभं आहे, त्याचा हा फायदा.

पण सुंदर रन म्हणजे सरळ फ्रेम नाही.

प्लेटवर काय निघालं

पद्धत साधी आहे. आधी बॉटम ब्रॅकेटच्या शेलची (नळकांड्याची) तोंडं फेस करून (कापून सपाट करून) गुण्यात आणायची, कारण तोच डेटम, म्हणजे मोजमापाचा आधार. तो चुकला तर पुढचं सगळं मोजमाप वाया. मग शेल प्लेटवरच्या खांबाला आवळायचा, फ्रेम आडवी होते, आणि हाइट गेजने हेड ट्यूबची दोन टोकं, सीट ट्यूब, ड्रॉपआउट असं एकेक मोजत जायचं.

स्टीलच्या फ्रेमचे ड्रॉपआउट मध्यापासून अर्धा मिलिमीटर बाजूला. हेड ट्यूबला दोन टोकांत मिळून पाऊण मिलिमीटरचा पीळ. टायटॅनियमचा पुढचा त्रिकोण मात्र बघत राहावा असा, कुठेही 0.3 च्या वर नाही. मागचा त्रिकोण 1.2 ने डावीकडे. चालण्यासारखं आहे, चालतंयही. पण दुप्पट-अडीचपट पैसे मोजल्यावर मागचा भागही पुढच्यासारखा यावा अशी अपेक्षा होती. कारखान्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की त्यांच्या मर्यादेत बसतं. ती मर्यादा ऑर्डर देताना मी लेखी विचारली नव्हती, चूक माझी.

आता खरा फरक. स्टीलची फ्रेम त्याच दिवशी हाताने दाबून आणखी सरळ करता आली असती. लांब दांडा, अनुभवी हात, थोडं थोडं. स्टील दाबलं तिथे राहतं. टायटॅनियम स्टीलच्या निम्म्यानेच ताठ, वर ताकदीला भक्कम, त्यामुळे बरंच वाकवलं तरी सोडल्यावर मूळ जागी उसळतं. ते सरळ करणारा पुण्यात मला भेटलेला नाही, आणि कार्बन असेल तर तो विषयच संपला. दोष निघालाच तर स्टीलचा दोष इथल्या इथे मिटतो, टायटॅनियमचा पुन्हा विमानात बसतो. येता-जाताचं भाडं आणि सीमाशुल्काचा कागदोपत्री घोळ धरला तर बहुतेक लोक परत पाठवतच नाहीत, तशीच चालवतात.

भोकं, आटे आणि करकर

रोजच्या वापरात त्रास सरळपणापेक्षा भोकांचा होतो. वेल्डिंगमुळे सीट ट्यूबचं तोंड लंबगोल होतं. 27.2 मिलिमीटरचा सीटपोस्ट त्यात कुठे घट्ट, कुठे सैल बसतो आणि मग करकरतो किंवा हळूहळू खाली सरकतो. म्हणून जोडणीनंतर रीमर (भोक गोल आणि मापात करणारं हत्यार) फिरवलाच पाहिजे. टायटॅनियममध्ये इथे कारखान्याला पैकीच्या पैकी: सीटपोस्ट हाताने गेला, जाताना हवा फुस्स करून बाहेर आली. मात्र डिस्क ब्रेकच्या माउंटचं तोंड फेस केलेलं नव्हतं, कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) तिरका बसून रोटर (ब्रेकची चकती) घासायचा. टायटॅनियमवर फेसिंग कटर चालवणं म्हणजे कमी वेग, भरपूर तेल आणि भरपूर संयम. माझ्या मेकॅनिकने त्या दिवशी दुसरं गिऱ्हाइक घेतलं नाही.

स्टीलच्या फ्रेममध्ये उलटं. माउंट चोख, पण पावडर कोटिंगवाल्याने बॉटम ब्रॅकेटचे आटे झाकले नव्हते. आटे पुन्हा टॅपने साफ करावे लागले. हा दोष कारागिराचा म्हणायचा की रंगवाल्याचा? गिऱ्हाइकाला त्याच्याशी काय करायचंय, फ्रेम ज्याच्याकडून घेतली त्याने द्यायची.

दोन्हींकडे एक अट आवर्जून घाला: बॉटम ब्रॅकेट आट्यांचाच. साधा बीएसए मापाचा किंवा मोठा हवा असेल तर टी47 मापाचा. दाबून बसवायच्या प्रकारात शेलचं भोक अगदी मापात लागतं आणि एकेकटी फ्रेम करणाऱ्याकडून ती अपेक्षा ठेवू नये.

ड्रॉइंग

कारखान्याचं ड्रॉइंग देखणं येतं, दशांश चिन्हानंतर दोन-दोन आकडे. खाली सही तुमची. मी फोर्कची उंची 10 मिलिमीटरने चुकीची कळवली असती, तर हेड ट्यूबचा कोन अर्ध्या अंशाहून जास्त फिरला असता आणि कारखान्याने ते निमूटपणे बनवलं असतं. कारागिराने फोन करून विचारलं, फोर्क कोणता, मडगार्ड लावणार का, 32 चा टायर की 35 चा, पायाचा नंबर किती. शेवटचा प्रश्न वळणावर बूट पुढच्या चाकाला लागू नये म्हणून होता. माझ्या टायटॅनियमवर तो लागतो. कोणी विचारलं नाही, मीही बघितलं नाही.

पावसाचं सांगायलाच हवं. चार महिने ताम्हिणी-वरंधच्या घाटांत फिरणार असाल तर स्टीलच्या नळ्यांत आतून गंजरोधक मेण सोडा, बॉटम ब्रॅकेटखाली पाणी जायला भोक ठेवायला सांगा, आणि तरीही दोन वर्षांनी खोलून बघा. टायटॅनियम धुऊन उभी करा, झालं. फक्त सीटपोस्टला अँटी-सीझ लावायला विसरू नका. कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्याला मी याच एका कारणासाठी टायटॅनियम सांगेन.

आमच्या सहा फूट तीनच्या गड्याला मात्र स्टीलच सांगितलं. त्याची मापं नेहमीच्या चौकटीत बसत नाहीत, चुकायला जागा जास्त, आणि चुकलं तर दुरुस्त होईल असा धातू त्याला हवा. 600 किलोमीटरची बीआरएम 40 तासांत करायची तर फ्रेमचं अर्धा किलो जास्त वजन त्याला नडणार नाही, गुडघ्याला न पटणारं माप नडेल. रेसिंग करणारा, नेहमीच्या मापाचा, आणि आपली आवडती फ्रेम आकड्यांत नेमकी माहीत असलेला माणूस असेल तर कारखान्याकडे जावं.

कोणतीही घ्या, खोक्यातून काढली की एकही सुटा भाग बसवण्याआधी सुतळी लावा. एका ड्रॉपआउटला बांधायची, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधायची, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजायचं. दोन अंतरांतला फरक 2 मिलिमीटर असेल तर फ्रेम सीट ट्यूबपाशी 1 ने सरकलेली आहे, ड्रॉपआउटपाशी त्याहून जास्त. पट्टीसकट फोटो काढून त्याच दिवशी पाठवा. क्रँक चढवल्यानंतर तक्रार केली तर समोरचा आधी तुमच्या मेकॅनिकचं नाव घेतो.