ध्वनिमुद्रणासाठी शक्तिशाली लॅपटॉप : आठ महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

श्राव्य पुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित करणे, त्याचे संपादन करणे आणि गरजेप्रमाणे त्याला पार्श्वसंगीत जोडणे हे माझे काम आहे. त्यासाठी आठ महिन्यांपूर्वी मी १६ इंची पडद्याचा, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला आणि ४५ वॉट श्रेणीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप घेतला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीचे लॅपटॉप अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष थोड्याफार फरकाने त्यांतल्या पुष्कळांत आढळतात. यंत्र मला आवडले आहे आणि ते मी ठेवणार आहे. मात्र खोक्यातून बाहेर आले तेव्हा ते माझ्या कामाचे नव्हते. त्याची थोडी शक्ती मी जाणीवपूर्वक काढून घेतली, तेव्हाच ते कामाचे झाले.

पहिली अडचण पंख्यांची होती. एखादे पान उघडले किंवा फाइल जतन केली, की प्रोसेसर क्षणभर टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा चढ्या, वेगाला जाई, तापमान उसळे आणि दोन्ही पंखे घरघरू लागत. अर्ध्या मिनिटाने ते शांत होत आणि पुढच्या क्लिकला पुन्हा सुरू होत. प्रोसेसरची वीज वारंवारितेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि वरच्या वेगासाठी व्होल्टेजही चढवावे लागते. त्यामुळे वेगातली शेवटची थोडीशी वाढ उष्णतेच्या हिशेबात फार महाग पडते. पंख्याचे गणितही असेच निर्दयी आहे. त्याचा वेग दुप्पट झाला, की आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते.

म्हणून विंडोजच्या वीज नियोजनात प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्क्यांवर आणली. एक टक्क्याने काय होणार, असे वाटेल, पण माझ्या यंत्रावर एवढ्यानेच टर्बो पूर्ण बंद होतो. ध्वनिमुद्रण आणि संपादन या कामांत मला त्याची उणीव एकदाही जाणवली नाही. अंतिम फाइल तयार करायला वेळ थोडा जास्त लागतो; त्या कामापुरता मी टर्बो परत सुरू करते आणि खोलीबाहेर जाते. व्होल्टेज कमी करून पाहण्याचाही माझा विचार होता, पण तो पर्याय बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद केलेला आहे. २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची सुरक्षात्रुटी उघड झाल्यानंतर अनेक लॅपटॉपांवर ही सोय काढून घेण्यात आली, त्यामुळे याबद्दल तक्रार करणे मला योग्य वाटत नाही.

पंखा किती मोठ्याने वाजतो, यापेक्षा तो कसा वाजतो, हे ध्वनिमुद्रण करणाऱ्यासाठी अधिक महत्त्वाचे असते. सरसर असा सपाट आवाज एकसारखा असेल, तर संपादनात त्याचा नमुना घेऊन तो बराचसा काढता येतो. वरखाली होणारा आवाज मात्र वाक्याच्या मध्येच बदलतो आणि काढायला गेले की निवेदकाच्या आवाजाची धार जाते. शिवाय पंख्याच्या पात्यांचा स्वतःचा एक सूर असतो. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या पंख्याला ६० पाती असतील, तर तो सूर ३००० हर्ट्झला येतो, म्हणजे नेमका व्यंजने स्पष्ट करणाऱ्या पट्ट्यात. त्यामुळे मी पंख्यांचा वेग आपोआप बदलू न देता कमी पण स्थिर ठेवला. यासाठी कंपनीचे नियंत्रण सॉफ्टवेअर पुरेसे आहे, फक्त त्याचा ‘शांत’ हा तयार पर्याय वापरू नये, कारण त्यात पंखे बंद होतात आणि तापमान वाढले की एकदम भडकतात. लॅपटॉपची मागची बाजू दोन सेंटिमीटर उचलली, की खालच्या जाळ्यांतून हवा मोकळी येते. हा बिनखर्ची उपाय मला महागड्या थंडाव्याच्या पॅडपेक्षा सरस वाटला. मायक्रोफोन कार्डिऑइड, म्हणजे समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमी ऐकणारा, असल्यामुळे यंत्र त्याच्या नेमके पाठीमागे आणि शक्य तितके दूर ठेवते.

ध्वनीच्या बाबतीत हा लॅपटॉप मध्यम आहे. स्पीकर तळाशी असल्याने टेबलाच्या पृष्ठभागाप्रमाणे त्यांचा स्वर बदलतो, आणि खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. सोबत आलेले ध्वनी ‘सुधारणारे’ सॉफ्टवेअर तो असल्याचा भास निर्माण करते, म्हणून ते मी पहिल्याच आठवड्यात बंद केले. ऐकू येणाऱ्या आवाजावर विसंबून निर्णय घ्यायचे, तर तो आवाज रंगवलेला नसावा. चार्जर लावलेला असताना हेडफोनच्या खाचेतून बारीक चिरचिर येते आणि बॅटरीवर ती थांबते, यावरून दोष विजेच्या जमिनीचा म्हणजे अर्थिंगचा आहे, हे कळते. बाहेरचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (ध्वनी संगणकात नेणारी-आणणारी वेगळी पेटी) आणि बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरचा गोंगाट रोखणाऱ्या, तारा जोडल्यावर तो त्रास संपला.

याहून त्रासदायक होते ते मधूनमधून येणारे टचटच आवाज. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे ४८ हजार नमुने घेताना, १२८ नमुन्यांचा बफर (एका वेळी हाताळायचा ध्वनीचा तुकडा) ठेवला, की प्रोसेसरला प्रत्येक तुकडा सुमारे २.७ मिलिसेकंदांत पूर्ण करावा लागतो. तेवढ्यात एखाद्या ड्रायव्हरने (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) त्याला अडवून धरले, की ध्वनीत खंड पडतो. प्रोसेसर निवांत असतानाही हे होत होते, आणि म्हणूनच सुरुवातीला मला त्याचा उलगडा होईना. असे अडथळे शोधणारे ‘लेटन्सीमॉन’ हे सॉफ्टवेअर चालवल्यावर बोट वाय-फायच्या ड्रायव्हरकडे गेले. आता ध्वनिमुद्रणाच्या वेळी वाय-फाय बंद असते, आणि संपादन करताना बफर ५१२ नमुन्यांचा, म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंदांचा ठेवते, कारण तेव्हा विलंबाने काही बिघडत नाही.

मेमरीबद्दल माझे मत अधिक अनुकूल आहे. यंत्रात १६ जीबीची एकच डीडीआर५ (मेमरीची डीडीआर४ नंतरची पिढी) पट्टी होती आणि दुसरी खाच मोकळी होती. वाद्यांचे नमुने भरलेला प्रकल्प उघडला, की मेमरी संपून सगळा भार एसएसडीवर जाई आणि वाजवताना अडखळे. मोकळ्या खाचेत आणखी एक पट्टी टाकणे सोपे होते, पण मी ३२ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, कारण वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र लावल्या, की दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालतात आणि कधी कधी कुरकुरही करतात. डीडीआर४ च्या लॅपटॉप पट्टीला २६० आणि डीडीआर५ च्या पट्टीला २६२ पिना असतात, खाचेची जागाही वेगळी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. घेताना वेग आणि व्होल्टेज जेडेकच्या (मेमरीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या) प्रमाणाप्रमाणे आहेत ना, हे पाहावे. एक्सएमपीच्या, म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त वेगाच्या तयार सेटिंगच्या, जाहिरातीतला वेग पुष्कळ लॅपटॉप वापरतच नाहीत.

बसवताना बॅटरीची तार आधी काढावी, पट्टी तिरकी आत सरकवावी आणि मग कडेच्या क्लिपांचा आवाज येईपर्यंत खाली दाबावी. त्यानंतर पहिल्यांदा यंत्र सुरू केले, तेव्हा पडदा काही मिनिटे काळाच राहिला आणि मी पार घाबरले. डीडीआर५ मध्ये नवी मेमरी ओळखून तिच्याशी जुळवून घेण्याची प्रक्रिया लांबते आणि तेवढा वेळ वीज तोडू नये, हे मार्गदर्शिकेत एका ओळीत तरी लिहायला हवे होते. नंतर मेमरी तपासणाऱ्या मेमटेस्टची एक पूर्ण फेरी रात्रभर चालवली आणि मगच काम सुरू केले. प्रकल्प आता न अडखळता वाजतो. मेमरी वाढवल्याने पंखा शांत होईल, अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये. माझ्या यंत्रात तरी तसे झाले नाही. ज्या लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवर पक्की झाळलेली असते, तेथे ही सुधारणा शक्यच नसते, म्हणून खरेदीपूर्वीच खाचा आहेत का, ते तपासावे.

एक गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. बाहेरचा पडदा एचडीएमआयला जोडला, की काहीही काम नसताना यंत्र कोमट राहत असे आणि पंखे थांबतच नसत. या यंत्रातील एचडीएमआयची जोडणी थेट स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला असल्यामुळे ते कार्ड झोपी जाऊच शकत नव्हते. डाव्या बाजूची यूएसबी-सी जोडणी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जाते. पडदा तिच्यावर हलवल्यापासून लिहिण्याच्या आणि ऐकण्याच्या वेळी पंखे पूर्ण बंद ठेवता येतात.